मराठीतील अक्षरविभाग व आघात

शब्द उच्चारताना तो ज्या लहानात लहान, सलग उच्चारल्या जाणाऱ्या घटकांत विभागला जातो, त्यांस भाषाशास्त्रात अक्षरे म्हणतात. शब्दातील एखादे अक्षर इतरांहून अधिक जोराने उच्चारले जाते, तेव्हा त्या जोरास आघात म्हणतात. प्रत्येक अक्षरात एक स्वर असतो व त्याच्या मागेपुढे व्यंजने येऊ शकतात. स्वरान्त अक्षर विवृत व व्यंजनान्त अक्षर संवृत होय. शब्द कोठे तोडावा आणि जोर कोठे द्यावा, हे दोन प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु मराठी शब्दांची आजची रूपे, विभक्तिप्रत्ययांपूर्वी त्यांत होणारे बदल, छंदोरचना आणि ऱ्हस्व-दीर्घाचे लेखननियम या सर्वांच्या मुळाशी हेच प्रश्न आहेत.

मराठीत ‘अक्षर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो व त्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. देवनागरीत लिहिलेला एकेक वर्णसमूह हे लिखित अक्षर. तर कानाला जाणवणारा घटक हे उच्चारित अक्षर. ही दोन नेहमी जुळतातच असे नाही. गोंदिया जिल्ह्यातील तालुक्यांची नावे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. ‘तिरोडा’ हे नाव लेखनात व उच्चारात सारखेच तीन अक्षरांचे आहे (ति-रो-डा). ‘गोंदिया’तही तीनच अक्षरे आहेत, मात्र पहिले अक्षर अनुनासिक व्यंजनाने बंद होते (गोन्-दि-या). ‘देवरी’ लेखनात तीन अक्षरांचे, पण उच्चारात दोनच अक्षरांचे आहे (देव्-री). ‘सालेकसा’ लेखनात चार, उच्चारात तीन (सा-लेक्-सा). ‘गोरेगाव’ लेखनात चार, उच्चारात तीन (गो-रे-गाव्). तर ‘आमगाव’ लेखनात चार असूनही उच्चारात अवघे दोन अक्षरांचे ठरते (आम्-गाव्). ‘अर्जुनी’ या नावात अक्षरांची संख्या तीच राहते, पण सीमा बदलते : लेखनात अ-र्जु-नी, उच्चारात अर्-जु-नी. या तफावतीचा इतिहास म्हणजेच बऱ्याच अंशी मराठी ध्वनिव्यवस्थेचा इतिहास होय.

प्राचीन विचार : अक्षरविभागाचा पद्धतशीर विचार भारतात वेदपठणाच्या निमित्ताने झाला. ऋक्‌प्रातिशाख्य, तैत्तिरीय प्रातिशाख्य इ. ग्रंथांत स्वर हा अक्षराचा आधार मानला असून व्यंजन कोणत्या स्वराचे अंग होते, याचे नियम दिले आहेत. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील स्वराचे अंग होते. जोडाक्षरातील पहिले व्यंजन मागील स्वराकडे जाते. अनुस्वार, विसर्ग आणि शेवटी येणारे व्यंजन हीही मागील स्वराचीच अंगे होत. या नियमांनुसार ‘अर्जुन’ हा शब्द अर्-जु-न असा तुटतो. लेखनात जोडाक्षर एकत्र दिसले, तरी कानाला ते दोन अक्षरांत विभागलेले जाणवते, ही गोष्ट या आचार्यांनी नेमकी टिपली होती. पिंगलप्रणीत छंदःशास्त्रातील लघू-गुरूंचा नियम याच विचाराशी सुसंगत आहे. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू का मानावे, याचे उत्तर ते अक्षर संवृत होते यात आहे.

वैदिक भाषेतील ‘स्वर’ मात्र आजच्या अर्थाचा जोर नव्हता, तर तो सुरांचा चढउतार होता. पाणिनीने उदात्त, अनुदात्त व स्वरित असे त्याचे भेद सांगितले असून शब्दसिद्धीच्या नियमांबरोबर स्वरांचेही नियम दिले आहेत. पुढे अभिजात संस्कृतात ही सुरावट लोपली. तिच्या जागी बलाघात आला काय, आणि आला असल्यास तो कोणत्या अक्षरावर, हा एकोणिसाव्या शतकातील भाषाशास्त्रज्ञांपुढील मोठा वादविषय ठरला.

आघातविषयक वाद : रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत आधुनिक भारतीय भाषांतील उपान्त्य अक्षरावरील आघाताकडे लक्ष वेधले. या आघातामुळे अन्त्य स्वर क्षीण होऊन लोपतो व उपान्त्य स्वर लांबतो, असा त्यांचा आशय होता. जर्मन पंडितांपैकी रिखार्ट पिशेल यांना प्राकृत भाषांत वैदिक स्वराचे अवशेष दिसत होते. उलट हेर्मान याकोबी यांच्या मते प्राकृतांतील आघात लॅटिनप्रमाणे अक्षरांच्या गुरुत्वावर अवलंबून होता.

या वादात मराठीला विशेष स्थान मिळाले ते राल्फ लिली टर्नर यांच्यामुळे. १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादिले, की मराठीच्या पूर्वरूपात प्राचीन इंडो-यूरोपीय आघाताचे स्थान टिकून होते व त्याच्या खुणा आजच्या शब्दांत सापडतात. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये त्याचे मराठी भाषांतर मराठी भाषेचा विकास या नावाने केले. ब्लॉक यांनी जोरापेक्षा अक्षरांचे परिमाण आणि शब्दातील त्यांचे स्थान यांस अधिक महत्त्व दिले.

वादाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. संस्कृत ‘हस्त’ पासून प्राकृत ‘हत्थ’ व त्यापासून मराठी ‘हात’ झाला. द्वित्व गेले आणि त्याची भरपाई म्हणून मागील स्वर दीर्घ झाला. पण ‘हस्तिन्’ पासून मराठीत ‘हत्ती’ झाला, ‘हाती’ नव्हे. हिंदीत मात्र ‘हाथी’ आहे. वेदांत ‘हस्त’ हा शब्द आद्युदात्त व ‘हस्तिन्’ हा अन्तोदात्त आहे. तेव्हा उदात्त अक्षराचा स्वर लांबला व इतर अक्षराचा लांबला नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ‘सप्त’ हा शब्द वेदांत अन्तोदात्त असूनही मराठीत ‘सात’ झाला आहे. याउलट, पुढे दीर्घ अक्षर असल्यास मागील स्वर ऱ्हस्व राहतो, या परिमाणाच्या नियमाने ‘हात’ व ‘सात’ एका बाजूस आणि ‘हत्ती’ दुसऱ्या बाजूस सहज बसतात. एका उदाहरणाने वाद मिटत नाही हे खरे. तथापि मराठीत आघाताचा माग काढण्यासाठी अक्षरांचे परिमाण आधी पाहावे लागते, एवढे यावरून दिसते.

अन्त्य स्वरांचा लोप : मराठी अक्षरविभागात सर्वांत मोठा बदल घडला तो शब्दान्तीच्या ऱ्हस्व स्वरांच्या लोपामुळे. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) व महानुभाव गद्याच्या काळातील भाषेत ‘देवु’, ‘रामु’ यांसारखी उकारान्त कर्तृरूपे आढळतात. ही रूपे दोन विवृत अक्षरांची होती. पुढे अन्त्य ‘उ’ चा प्रथम ‘अ’ झाला व अखेर तोही उच्चारातून गेला. आज आपण ‘देव’ लिहितो, पण ‘देव्’ असे एकच संवृत अक्षर उच्चारतो. जोडाक्षरानंतरचा ‘अ’ मात्र टिकून आहे, कारण तो गेल्यास उच्चार अवघड होतो. म्हणून ‘शब्द’, ‘मित्र’, ‘अर्थ’ हे शब्द आजही शब्-द, मित्-र, अर्-थ असे दोन अक्षरांचेच आहेत.

अन्त्य स्वराप्रमाणे शब्दाच्या मध्यावरील ‘अ’ ही दुर्बल झाला. त्याच्या आधी स्वर व एक व्यंजन आणि नंतर एक व्यंजन व स्वर असेल, तर तो सामान्यतः लोपतो. हा लोप शब्दाच्या शेवटाकडून मोजला जातो. त्यामुळे एकाच शब्दाची अक्षरे प्रत्यय लागताच निराळ्या ठिकाणी तुटतात. ‘गवत’ हा शब्द ग-वत् असा, पण ‘गवताचा’ हे रूप गव्-ता-चा असे उच्चारले जाते. ‘समजले’ मध्ये स-मज्-ले असा विभाग होतो, तर ‘समजायला’ मध्ये सम्-जाय्-ला असा. शब्दघटकांची सीमा आड आल्यास हा नियम थांबतो : ‘करवत’ हा शब्द कर्-वत् असा तुटतो, पण त्याच मापाचा ‘असफल’ हा शब्द अ-स-फल् असा उच्चारला जातो, कारण येथे ‘अ’ हा उपसर्ग व ‘सफल’ हा स्वतंत्र शब्द आहे, याची जाणीव बोलणाऱ्यास असते.

हीच प्रक्रिया सामान्यरूपांतही दिसते. ‘माणूस’ पासून ‘माणसाला’, ‘लाकूड’ पासून ‘लाकडाला’, ‘बेडूक’ पासून ‘बेडकाला’, ‘उंदीर’ पासून ‘उंदराला’ अशी रूपे होतात. मूळ रूपात शेवटच्या संवृत अक्षरातील ‘ऊ’ किंवा ‘ई’ भक्कम असते. प्रत्यय लागून ते अक्षर शब्दाच्या मध्यावर आले, की त्याचा स्वर क्षीण होऊन ‘अ’ बनतो व उच्चारात तोही नाहीसा होतो (माण्-सा-ला). जोराच्या स्थानी असलेला स्वर टिकतो व दुर्बल स्थानचा झिजतो, या सामान्य तत्त्वाचा हा आविष्कार होय. आजच्या मराठीत आघात क्षीण असून त्याच्या स्थानामुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही. परंतु पूर्वी झालेल्या अशा झिजेची खूण शब्दरूपांत राहिली आहे.

छंद व जुने उच्चार : बोलण्यातून गेलेले स्वर कवितेने मात्र जपले. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा व चौथ्यात चार अक्षरे मोजली जातात. ती लिखित अक्षरे असतात, उच्चारित नव्हेत. ‘आमगाव’ हे नाव अभंगात आले तर ते चार अक्षरांचे धरले जाईल आणि गाताना त्यातील ‘म’ व ‘व’ यांमधील ‘अ’ स्पष्ट ऐकू येईल. अक्षरगणवृत्तांतही हीच गणना चालते. माधव जूलियन (माधव त्रिंबक पटवर्धन) यांनी छंदोरचना (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) या ग्रंथात मराठी पद्यरचनेचे वृत्त, जाती व छंद असे वर्गीकरण केले. ओवी-अभंगांसारख्या छंदांत लघू-गुरू भेद गौण ठरून अक्षरसंख्या प्रधान असते, हे त्यांनी दाखविले. यामुळे निरक्षर वारकऱ्याच्या तोंडी असलेला अभंग हा एका अर्थाने जुन्या उच्चाराचा जिवंत ठेवा ठरतो.

इटालियनशी तुलना : ज्या भाषांत अक्षरविभाग व आघात यांचे नियम शालेय व्याकरणात आवर्जून शिकविले जातात, त्यांत इटालियन प्रमुख आहे. तीत आघात अर्थभेदक असतो. ‘आंकोरा’ या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास ‘नांगर’ व दुसऱ्यावर दिल्यास ‘अजून’ असा अर्थ होतो. बहुसंख्य शब्दांत जोर उपान्त्य अक्षरावर असतो (पा-रो-ला = शब्द); काहींत तो उपान्त्याच्या आधीच्या (ता-वो-लो = मेज), तर काहींत अन्त्य अक्षरावर असतो (चित्-ता = शहर). अन्त्य आघात तेवढा लेखनात चिन्हाने दाखवितात. इतर ठिकाणी तो सहसा वाचकाने जाणावा लागतो. द्वित्त व्यंजन दोन अक्षरांत विभागले जाते व तेही अर्थभेदक असते : ‘पा-ला’ म्हणजे फावडे, तर ‘पाल्-ला’ म्हणजे चेंडू. मराठीत ‘पटी’ व ‘पट्टी’ या शब्दांत असाच भेद आहे. मात्र ‘स’ नंतर व्यंजन आल्यास इटालियन लेखनात दोन्ही पुढील अक्षरात घालतात (पा-स्ता). प्रातिशाख्यांच्या नियमानुसार व मराठी उच्चारातही विभाग ‘स्’ नंतर होतो (पुस्-तक्).

दोन्ही भाषांचा इतिहास ताडून पाहिला असता एक लक्षणीय विरोध दिसतो. इटालियनने लॅटिनमधील आघाताचे स्थान पुष्कळ अंशी राखले, पण लॅटिनचे स्वतंत्र ऱ्हस्व-दीर्घ गमावले. आज तिच्यात आघातयुक्त विवृत अक्षरातील स्वर लांबतो, इतकेच. मराठीत उलट घडले. आघात मंदावला आणि ‘इ’ व ‘उ’ यांचे ऱ्हस्वदीर्घत्व अक्षराच्या शब्दातील स्थानावर अवलंबून राहिले. इटालियन शब्द बहुधा स्वरान्त राहिले. मराठी शब्द मोठ्या संख्येने व्यंजनान्त झाले.

रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा प्रसंग गोव्यात आला, तेव्हा हा प्रश्न प्रथमच लेखकापुढे उघडपणे उभा राहिला. इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झाले. देवनागरीत व्यंजनातील ‘अ’ गृहीत असतो. तो उच्चारावा की नाही, हे लिपी सांगत नाही. रोमन लिपीत मात्र तो लिहावा लागतो अथवा गाळावा लागतो.

व्याकरण व लेखननियम : दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये व मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अशोक रामचंद्र केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मराठीच्या ध्वनी व रूप या व्यवस्थांचे आधुनिक वर्णनात्मक पद्धतीने विवेचन केले.

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनविषयक नियम व त्यांस १९७२ मध्ये जोडलेले नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले. त्यांतील ऱ्हस्व-दीर्घाचे नियम अक्षररचनेच्या दृष्टीने वाचल्यास सहज उलगडतात. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावेत, असे नियम सांगतो : ‘मूल’, ‘पीठ’, ‘फूल’. येथे अन्त्य ‘अ’ उच्चारला जात नसल्याने हा ‘उपान्त्य’ स्वर वस्तुतः शेवटच्या संवृत अक्षरातील स्वर असतो व म्हणून लांब उच्चारला जातो. ‘मुलाला’, ‘पिठाचा’, ‘फुलात’ या रूपांत तो आतल्या अक्षरात गेल्याने ऱ्हस्व होतो. तत्सम शब्दांना मात्र हा नियम लागू नाही. ‘गुण’, ‘विष’, ‘मधुर’ हे शब्द मराठी माणूस बहुधा दीर्घ उच्चारतो, पण मूळ संस्कृतानुसार ऱ्हस्व लिहितो. विद्यार्थ्यांच्या लेखनात ‘गूण’ किंवा ‘मधूर’ असे जे प्रमाद आढळतात, ते निष्काळजीपणाचे नसून मराठी अक्षरनियमाचे प्रामाणिक पालन असते. दोष असलाच, तर एकाच ध्वनिस्थितीस दोन लेखनपद्धती लावण्यात आहे.

गोंदिया परिसरातील स्थिती : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. मध्य प्रदेश व छत्तीसगढ या राज्यांच्या सीमांना लागून असलेल्या या जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी व छत्तीसगढी या भाषा-बोली ऐकू येतात. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठी व तिच्या बोलींचा खंड १९०५ मध्ये निघाला. पोवारीचा अंतर्भाव मात्र त्यांनी पूर्वी हिंदीच्या खंडात बघेलीबरोबर केला होता. गोंडी ही द्राविड कुलातील भाषा असून त्या कुलातील भाषांत जोर सामान्यतः शब्दाच्या आरंभी असतो व तो सौम्य असतो. झाडीबोलीच्या अभ्यासाला व तिच्यातील साहित्याला चालना देण्याचे कार्य हरिश्चंद्र बोरकर यांनी केले.

झाडीबोलीत ‘ण’ च्या जागी ‘न’ व ‘ळ’ च्या जागी ‘र’ येतो : ‘पाणी’ चे ‘पानी’, ‘डोळा’ चे ‘डोरा’. ‘माणसाला’ ऐवजी ‘मानसाले’ असे रूप ऐकू येते. प्रमाणभाषेच्या वाचकाला हे फरक ठळक वाटतात. परंतु अक्षरविभागाच्या दृष्टीने पाहिल्यास ते केवळ वर्णांचे फरक आहेत. ‘डोळा’ व ‘डोरा’ या दोहोंत दोन विवृत, गुरू अक्षरे आहेत. माण्-सा-ला व मान्-सा-ले यांची घडण एकच असून दोहोंत मधला ‘ऊ’ एकाच कारणाने नाहीसा झाला आहे. याचा अर्थ, ज्या ध्वनिप्रक्रियेने पुण्याच्या मराठीला आजचे रूप दिले, तीच वैनगंगेच्या खोऱ्यातही पूर्णत्वास गेली आहे. वर्ण बदलले तरी लय बदललेली नाही. त्यामुळे एकच अभंग दोन्हीकडे सारख्याच मापात गाता येतो. झाडीबोलीस अशुद्ध मराठी मानण्याची जुनी प्रवृत्ती या दृष्टीने निराधार ठरते.

शिक्षणाच्या क्षेत्रात ही गोष्ट महत्त्वाची आहे. घरी झाडीबोली बोलणारे मूल प्रमाणभाषा वाचू लागते, तेव्हा त्याला नवीन शिकावे लागतात ते काही वर्ण व प्रत्यय. शब्द कोठे तुटतो, हे त्याला आधीच अवगत असते. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला मात्र देवनागरीतील कोणता ‘अ’ उच्चारावा व कोणता सोडावा, हेही शिकावे लागते, कारण लिपीत त्याची खूण नसते. ‘देवरी’ हे नाव दे-व-री असे वाचणारा विद्यार्थी चुकत नाही. जे लिहिले आहे तेच तो वाचतो. शिक्षकाने ही तफावत ध्यानात घेऊन अक्षरओळखीबरोबर उच्चारित अक्षरांचा परिचयही करून देणे इष्ट होय.

संगणकाद्वारे मराठी मजकूर वाचून घेण्याच्या तंत्रामुळे अलीकडे हाच प्रश्न नव्याने पुढे आला आहे. यंत्राला लिखित अक्षरे दिसतात, पण त्यांतील मूक ‘अ’ आपोआप ओळखता येत नाही. त्यासाठी वर दिलेले नियम, शब्दघटकांच्या सीमा आणि अपवाद यांची माहिती त्याला पुरवावी लागते किंवा बोललेल्या मराठीच्या नमुन्यांवरून ती त्याने उमगून घ्यावी लागते. प्रातिशाख्यकारांनी वेदपाठकासाठी केलेले कार्य येथे निराळ्या पाठकासाठी करावे लागत आहे. असे नियम केवळ प्रमाण उच्चारावर बेतले गेले, तर बोलींचे बोलणारे या साधनांपासून दूर राहण्याचा संभव आहे. सुदैवाने, गोंदियाच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे, मराठीच्या बोलींची अक्षरघडण पुष्कळ अंशी समान आहे व तिच्या आधारे सर्वांना सामावून घेणारी मांडणी शक्य आहे.